मिस्सा सांगणाऱ्या रेजिना बाय

शनिवारी रेजिना बायंच्या घरी मासे आंतोनकाका साफ करत. नंदाखालच्या त्यांच्या वाडीत, विहिरीच्या कडेला दगडावर बसून ते बोंबलांची डोकी उडवत आणि बाय मागे हात बांधून ओट्यावरून सूचना देत. नवख्या माणसाला वाटे, बाई नवऱ्याला राबवतात. मलाही तसंच वाटलं होतं. मी विचारलं, "बाय, तुम्हाला मासे साफ करता येत नाहीत?"

"पाचूबंदरच्या कोळणींना शिकवीन," त्या म्हणाल्या. "पण आज शनिवार. आज बोट कापलं तर उद्या मी तोतरी होईन."

"आणि माझं कापलं तर?" आंतोनकाकांनी खालूनच विचारलं.

"तुमचं बोट कुठे बोलतं? तुमचं तोंडच पुरतं."

रविवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली की वेदीच्या डाव्या अंगाला एका लाकडी चौरंगावर बाय उभ्या राहत. समोरच्या तीन बाकांवर पंचवीस-तीस कर्णबधिर माणसं. कोणी आगाशीचं, कोणी कळंबचं, कोणी पाचूबंदरचं, काही नालासोपारा-विरारच्या नव्या इमारतींतली. फादर जे बोलत ते सगळं बाय हातांनी सांगत. प्रार्थना, बायबलमधली वाचनं, प्रवचन, गायनवृंदाची गाणीसुद्धा. पेशाने त्या शाळेत मराठीच्या शिक्षिका, पुढे निवृत्त झाल्या. ही सेवा त्यांनी बावीस वर्षं केली.

मी त्या सेवाकार्याचा व्यवस्थापक होतो. याद्या करणं, लांबच्यांना आणायला टेम्पो सांगणं, ग्रुपवर निरोप टाकणं, मिस्सा संपल्यावर चहा-वडे आणणं, ही माझी कामं. माझा धाकटा भाऊ पास्कू जन्मापासून ऐकू शकत नाही, म्हणून मी यात आलो. बायंविषयी लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण एक गोष्ट कबूल केल्याशिवाय मला ते लिहिता येत नाही. त्यांना हे काम सोडायचं होतं आणि सोडता येऊ नये म्हणून मी खोटं बोललो. एकदा नव्हे. जवळजवळ पावणेदोन वर्षं.

पण आधी बाय.

त्या कायम गडद निळी, बिनबुट्ट्यांची साडी नेसत. अशा रंगापुढे हात उठून दिसतात. बांगड्या नाहीत, घड्याळ नाही. लग्नाची अंगठी साखळीत घालून गळ्यात, कारण बोटात चमकली की बघणाऱ्याचं लक्ष तिच्याकडे जातं. एकदा लग्नाच्या जेवणावळीत एका म्हाताऱ्या बाईने त्यांचा मोकळा हात हातात घेऊन विचारलं, "किती वर्षं झाली गं त्यांना जाऊन?" आंतोनकाका शेजारीच ताट घेऊन उभे होते. बाय म्हणाल्या, "आत्ताच आलेत. भाताला गेले होते."

कर्णबधिर माणसं प्रत्येकाला खुणेचं एक नाव देतात. ते आपण स्वतः घ्यायचं नसतं, त्यांनी द्यायचं असतं. गळ्यातल्या साखळीवर दोन बोटं टेकवली की त्याचा अर्थ रेजिना बाय. बदलून आलेल्या प्रत्येक फादरांनाही असं नाव मिळे आणि ते दर वेळी स्तुतीचं असेच असं नाही. एका फादरांनी उत्साहाने विचारलं होतं, "टीचर, माझी खूण काय आहे?" बाय म्हणाल्या, "फादर, ते मी तुम्हाला कुमसारातच सांगेन." कुमसार म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करणं. फादर हसले आणि मग बहुधा दिवसभर विचार करत बसले असतील.

बायंना कशाचं वेड असेल तर ते घरगुती खुणांचं. ज्या घरात एकच माणूस ऐकू शकत नाही, तिथे घरातल्या घरात काही खुणा तयार होतात आणि त्या दुसऱ्या घरी कुणालाच कळत नाहीत. बाय नव्या माणसाच्या घरी पहिल्यांदा गेल्या की नाव-गाव विचारायच्या आधी या खुणा विचारत. कळंबच्या एका घरात रविवारची खूण कोंबडी सोलण्याची होती. पाचूबंदरला एका आजोबांसाठी 'पाहुणे' म्हणजे नाक दाबणं. का, ते त्या घरात कुणालाही आठवत नव्हतं, आणि बाय मात्र तासभर त्याचाच पिच्छा पुरवत होत्या. शेवटी आजोबांच्या बहिणीने सांगितलं की एक पाहुणा फार अत्तर लावून यायचा. बायंचा चेहरा असा खुलला की जणू त्यांना विहिरीत गोडं पाणी लागलं.

आमच्या घरी आल्या तेव्हाही त्यांनी विचारलं, "इनास, तुमच्या खुणा दाखव." मी दाखवल्या. जेव, झोप, चल, दार लाव, डॉक्टर, काम, नको. पंधरा-वीस भरल्या.

"आणि?"

"एवढ्याच."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. इतर घरी त्या तासभर बसत. आमच्याकडे चहा घेऊन निघाल्या.

आता त्यांच्या रागाची गोष्ट सांगतो. एका रविवारी फादरांनी प्रवचन रंगात आणलं होतं. म्हणाले, "माझ्या बंधुभगिनींनो, आपण बहिरे झालो आहोत. पापाने आपल्याला बहिरं केलं आहे. जो बहिरा आहे तो देवापासून दूर आहे." बायंचे हात थांबले. छातीशी आणून त्यांनी ते तसेच धरले. तीन बाकांवरची माणसं आधी त्यांच्याकडे, मग फादरांकडे बघू लागली. फादरांच्या लक्षात यायला आणखी दोन वाक्यं लागली. मग तेही थांबले.

"काय झालं, टीचर?"

"फादर," बाय मोठ्याने म्हणाल्या, अगदी वर्गात बोलल्यासारख्या, "हे वाक्य मी यांना काय म्हणून सांगू?"

फादर भले होते. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "ते सोडून द्या."

"सोडता येणार नाही. तुम्ही बोललात. इतरांनी ऐकलं. मग यांनाही कळलं पाहिजे." आणि त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं हातांनी सांगितलं. मधल्या बाकावरून पास्कूने हात वर केला आणि काहीतरी विचारलं. बायंनी त्याचा आवाज होऊन विचारलं, "तो म्हणतो, पाप ऐकणारे करतात आणि नाव आमचं का?"

फादर वेदीवरून खाली उतरले आणि तीन बाकांपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. नंतर बाहेर वडे वाटताना मी बायंना म्हटलं, "जरा सांभाळून घ्यायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "तो शब्द कुणाला शिवी म्हणून वापरायचा असेल तर माझ्यासमोर नाही. मग ते फादर असोत की पोप."

नाताळ आणि ईस्टरच्या आधी कर्णबधिरांचा कुमसार असे. ऐकणाऱ्या माणसाचं पाप एका फादरांना कळतं. कर्णबधिर माणसाचं दोघांना, कारण मधे दुभाषी लागतो. जे कानावर किंवा डोळ्यांवर पडलं ते मरेपर्यंत बाहेर काढायचं नाही, हा नियम फादरांइतकाच त्यालाही बांधतो. बाय त्या दिवशी बाहेर आल्या की नळाखाली कोपरापर्यंत हात धूत आणि कुणाशी न बोलता तडक घरी जात.

अशाच एका कुमसारातून पास्कू डोळे पुसत बाहेर आला. बराच वेळ आत होता. मला राहवेना. नळाशी गाठून मी बायंना विचारलं, "काय म्हणत होता हो? काही काळजीचं आहे का?" आजही हे लिहिताना मान खाली जाते.

बायंनी नळ बंद केला. "इनास, तुझा भाऊ तिथे पायरीवर बसलाय," त्या म्हणाल्या. "त्याच्याबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर तो तिथे आहे."

मी पायरीपर्यंत गेलो. पास्कूने वर बघितलं. मी त्याला खूण केली, 'चल, जेव.'

हेच माझं खरं दुखणं. पास्कू चव्वेचाळीसचा, मी एक्कावन्नचा, एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो, आणि त्याची भाषा मला येत नव्हती. पहिल्यांदा शिकायचं ठरवलं होतं. मग बाय आल्या आणि सोय झाली. आठवडाभर काही साठलं की रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही दोघं त्यांच्यासमोर उभे राहायचो. पास्कूला वसई पूर्वेच्या कारखान्यातली नोकरी बदलायची आहे, हे मला बायंनी सांगितलं. त्याला लग्न करायचं नाही, हेही बायंनीच सांगितलं. भाऊ माझा, पण बातम्या त्यांच्याकडून.

आणि एका रविवारी सामान आवरताना त्या म्हणाल्या, "इनास, मी आता हे काम सोडावं म्हणते."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "का? कुणी काही बोललं?"

"कुणी नाही. वीस वर्षं मी मिस्सा सांगितली, पण ऐकली एकदाही नाही. फादर पुढचं वाक्य बोलतात तेव्हा मी मागचं सांगत असते. मला बघायचंय, नुसतं बसून ऐकली तर काय होतं." मग म्हणाल्या, "आणि दुसरं. वेदी तिकडे आणि तीस माणसं बघतात रेजिनाकडे. मला ते आवडायला लागलंय. त्याची भीती वाटते."

"पण यांचं कसं होणार?"

"तेच तू विचार. हळूच. मी विचारलं तर माझं मन राखायला 'जाऊ नका' म्हणतील. तू विचारलंस तर खरं बोलतील."

मला विचारायची गरजच नव्हती. आठवडाभर आधी कळंबच्या लोर्नाचा मला मोबाइलवर मेसेज आला होता. लोर्ना सव्वीस वर्षांची, ऐकू शकत नाही, बेकरीत हिशेबाचं काम बघते, आणि आमच्या ग्रुपमधली सगळ्यात धीट. तिने लिहिलं होतं, "इनास अंकल, आम्ही चौघांनी वाचनं आणि प्रार्थना बसवल्या आहेत. आता आम्ही स्वतः सांगू. टीचर आमच्याबरोबर बाकावर बसतील का? त्यांना वाईट वाटेल. तुम्ही त्यांना हळू सांगा."

दोघींना एकच हवं होतं. दोघी एकमेकींना जपत होत्या. आणि दोघींनी निरोप सांगायला निवडलं होतं मला.

मी लोर्नाला लिहिलं, "टीचर अजून तयार नाहीत. थोडं थांबू या." पुढच्या रविवारी बायंना सांगितलं, "विचारलं. म्हणतात, टीचर नसतील तर आम्ही मिस्साला येणारच नाही."

बायंनी डोळे मिटले. "असं म्हणाले?"

"हो."

"मग राहते."

यानंतर त्यांनी दोनदा पुन्हा विचारलं, लोर्नाने तीनदा. मी दर वेळी तेच केलं. स्वतःला सांगितलं की सेवाकार्य टिकावं म्हणून करतोय. खरं कारण रविवारच्या त्या दहा मिनिटांत होतं. बाय गेल्या असत्या तर माझ्या आणि माझ्या भावाच्या मधे कुणी उरलं नसतं.

पावसाळ्यानंतर बायंना चिकुनगुनिया झाला. बोटं अशी सुजली की कपाचा कान धरता येईना. मी ग्रुपवर टाकलं, "या रविवारी खुणांची मिस्सा नाही. ज्यांना यायचं त्यांनी यावं." सगळे आले. मी चहाचं बघायला मागे खांबाशी उभा होतो. पहिल्या वाचनाची वेळ झाली तेव्हा लोर्ना उठली आणि चौरंगावर जाऊन उभी राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वाचनाला पास्कू उठला. सकाळी त्याने शर्टाला इस्त्री का केली होती, ते तेव्हा मला कळलं.

घरी पास्कूचे हात कमरेच्या वर येत नाहीत. मी बघणार नाही हे त्याला ठाऊक असतं. त्या दिवशी ते खांद्याच्याही वर गेले. माइकवर वाचन चालू होतं, त्यामुळे मजकूर मला ऐकू येत होता, पण पास्कूने मधेच स्वतःचं काहीतरी घातलं. तीन बाकं एकदम हसली आणि पुढच्या क्षणी एका म्हाताऱ्या बाईने डोळ्यांना पदर लावला. काय म्हणाला तो? मी सवयीने बायंना शोधलं. त्या नव्हत्या. त्या दिवशी बहिरा मी होतो, असं वाक्य इथे लिहायचा मोह होतो. पण हा शब्द असा वापरलेला बायंना खपत नाही. मी बहिरा नव्हतो. मी आळशी होतो.

दुपारी लोर्ना स्कूटरवरून नंदाखालला गेली. मी तिला वळताना पाहिलं आणि समजलो. संध्याकाळभर फोनकडे बघत बसलो. फोन आला नाही. पुढच्या रविवारी बाय मनगटांना पट्टे बांधून आल्या आणि चौथ्या बाकावर बसल्या. मला बघून म्हणाल्या, "वड्यांना आज मीठ कमी घालायला सांग." बस, एवढंच.

निरोपाच्या दिवशी केक होता, फादरांचं भाषण होतं. लोर्नाची आई बायंचा हात धरून रडू लागली. "बाय, तुमी गेल्यावं आमच्या पोरीला कोन सांगनार?"

"तिला विचारलंस का?"

"तिला काय इचारनार? तिला कलतं काय?"

"अगं, गेला महिनाभर तीच सगळ्यांना सांगतेय," बाय म्हणाल्या. "तू तिचं बघत नाहीस वाटतं." आईने वळून लेकीकडे पाहिलं. लोर्ना खुशाल केक खात होती.

मग बाय शाळेच्या नाही, सेवेच्या नाही, फक्त वाडीच्या झाल्या. नंदाखाल-आगाशीकडे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात. आता करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. सासूकडून शिकलेलं हे काम त्यांनी बावीस वर्षं लांब ठेवलं होतं, कारण घड कापताना चीक लागला की बोटं काळी पडतात आणि आठवडाभर निघत नाहीत. आता त्यांनी ते पुन्हा धरलं. लोक मला सांगत, टीचर बघ काय करून बसल्यात, हात कोळशासारखे झालेत.

मला जायला पाच महिने लागले. भस्म बुधवारी, पश्चात्तापाचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राख घेऊन, दुपारी कललेल्या उन्हात मी त्यांच्या अंगणात पोचलो. बांबूच्या मांडवावर केळी ओळीने पसरली होती आणि ती उलटत उभा होता पास्कू. पहिली पाळी संपवून तो तिथे येतो, हे मला माहीत नव्हतं. त्याने मला बघून मान हलवली आणि पुन्हा केळ्यांकडे वळला.

बाय ओट्यावर होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. लोर्नाचा मेसेज, माझी उत्तरं, मोजून किती वेळा.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "लोर्नाने त्याच दिवशी दाखवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बघत होते. आमची पैज होती. हे म्हणाले, इनास नाताळच्या आत येईल. मी म्हटलं, कपाळाला राख लागल्याशिवाय त्याचे पाय हलायचे नाहीत. हरेल त्याने महिनाभर अंगण झाडायचं."

आतून आंतोनकाकांचा आवाज आला, "इनास, दोन महिने आधी आला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

मला हसू आलं नाही. "बाय, तुमची पावणेदोन वर्षं गेली."

"गेली," त्या म्हणाल्या. उगाच माफी देऊन त्यांनी ते हलकं केलं नाही. मग कळंबच्या नाहीतर पाचूबंदरच्या ओट्यावर विचारत तशा पुढे वाकून म्हणाल्या, "पण का रे केलंस? मला खरंच कळलं नाही. खूप विचार केला."

मी पास्कूकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "मग हे मला का सांगतोस?"

"तुम्ही त्याला सांगाल?"

"नाही."

मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून चार महिने थोडं शिकत होतो, स्नानघराच्या आरशासमोर, चोरून. मांडवाशी गेलो. पास्कूच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितलं, 'मी. खोटं. तू वाचणार होतास. मी अडवलं.' खोट्याची खूण बहुधा चुकली, कारण त्याने माझी बोटं धरून ती नीट केली. मग म्हणाला, 'माहीत आहे.' आणि मग त्याने एक लांब वाक्य सांगितलं. त्यातल्या मला तीनच खुणा कळल्या. 'लहान', 'आपण' आणि 'तू'. शेवटी भुवया वर गेल्या, म्हणजे तो प्रश्न होता.

मी ओट्याकडे वळलो. बाय उठल्या होत्या. रिकामी पाटी कमरेवर घेऊन त्या वाडीच्या वाटेने चालल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. इतक्या वर्षांत मी त्यांना नेहमी समोरून पाहिलं होतं, तोंड आमच्याकडे, हात वर. मी हाक मारली, "बाय!" त्यांना ऐकू आलंच असणार. त्या न थांबता केळींच्या पहिल्या रांगेत शिरल्या, एक वाळकं पान हाताने बाजूला केलं आणि दिसेनाशा झाल्या.

पास्कू वाट बघत होता. मी त्याच्यासमोर नीट उभा राहिलो आणि खूण केली, 'पुन्हा सांग.'

त्याने केळी बाजूला सारून मांडवाच्या कडेला मला बसायला जागा केली आणि ते वाक्य पहिल्यापासून, सावकाश सांगायला सुरुवात केली.